गेम बंद पडला, तरी फायलींत काय उरतं?

हनोईच्या डाँग ग्वेन या तरुणाने मे २०१३ मध्ये ‘फ्लॅपी बर्ड’ हा नळ्यांच्या फटींतून पक्षी उडवत न्यायचा गेम आयफोनसाठी आणला. कित्येक महिने त्याची कुणी दखल घेतली नाही. मग २०१४ उजाडता उजाडता तो जगभर पसरला, आणि फेब्रुवारीत, डाउनलोडच्या याद्यांत वर असतानाच, ग्वेनने तो स्टोअरमधून स्वतःहून काढून घेतला. ज्यांच्या फोनमध्ये होता त्यांच्याकडे राहिला, बाकीच्यांसाठी संपला.

त्या गेमच्या पोटातलं एक चित्र मात्र आजही सहज पाहायला मिळतं. गेमला लागणारी सगळी छोटी चित्रं त्यावर शेजारी शेजारी मांडलेली आहेत. तीन रंगांचे पक्षी, दिवसाचं आणि रात्रीचं आकाश, पदकं, आकडे, बटणं, जमिनीची पट्टी. नळ्यांच्या जोड्या दोन आहेत, एक हिरवी आणि एक लालसर. हिरव्या नळ्या म्हटल्या की खेळलेल्या कुणालाही लगेच तो गेम आठवतो. लालसर नळ्या म्हटल्यावर माणूस विचारात पडतो. या आपण कधी पाहिल्या का? नसतील पाहिल्या, तर त्या काढल्या कशासाठी?

गेमच्या फायलींमध्ये असा ऐवज नेहमी सापडतो. कधीच न दिसलेलं एखादं पात्र, न वाजलेलं संगीत, न बोललेले संवाद, अर्धवट टप्पे, बनवणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेले चाचणीचे मेनू. ‘द कटिंग रूम फ्लोअर’ हे संकेतस्थळ वर्षानुवर्षं याच गोष्टींची नोंद ठेवतं आहे. मोबाइल गेमच्या बाबतीत हा विषय जरा वेगळा आणि जास्त नाजूक आहे. का, ते समजायला आधी फाइल उघडून बघायला हवी.

अँड्रॉइडवरचा कुठलाही गेम एपीके नावाच्या फाइलमधून येतो. ही फाइल म्हणजे खरं तर साधी झिप फाइल असते. तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ केला, तर संगणकावर ती नेहमीच्या फोल्डरसारखी उघडते. आत प्रोग्रॅमचा भाग वेगळा असतो, बटणं आणि पडद्यांच्या मांडणीचा वेगळा, आणि ‘असेट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये चित्रं, आवाज, टप्प्यांचे नकाशे असतात. मोठ्या गेमचं सामान एपीकेमध्ये मावत नसे, कारण गूगल प्ले स्टोअरने तिच्या आकारावर मर्यादा घातली होती. सुरुवातीला ५० एमबी, २०१५ पासून १०० एमबी. उरलेलं सामान ओबीबी नावाच्या जोडफायलीतून यायचं. आयफोनची आयपीए फाइलही झिपच असते, फक्त तिच्यातला मुख्य प्रोग्रॅम ॲपलने कुलूपबंद केलेला असतो. चित्रं आणि आवाज सहसा त्या कुलपाबाहेर राहतात.

बरेच मोबाइल गेम युनिटी या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, बनतात. त्यातली एक सवय इथे फार महत्त्वाची आहे. गेमची अंतिम फाइल बांधताना युनिटी तपासून पाहतं की कुठलं चित्र कुठल्या प्रसंगात लागतं, आणि ज्याला कुणीच बोलावत नाही ते बाजूला ठेवतं. पण ‘रिसोर्सेस’ या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं सगळं ते डोळे मिटून आत भरतं. गेम चालू असताना कधी काय मागितलं जाईल हे त्याला आधी सांगता येत नाही, म्हणून. घाईच्या कामात चित्रकार आणि प्रोग्रॅमर या फोल्डरमध्ये भराभर गोष्टी टाकत जातात. सहा महिन्यांनी ती कल्पना बारगळते, चित्र तिथेच राहतं, आणि पुढच्या प्रत्येक अपडेटबरोबर लाखो फोनमध्ये जातं.

मग बनवणारे ते काढून का टाकत नाहीत? जागा वाचली असती, लोकांचा डेटा वाचला असता. पण जुन्या वाड्याची भिंत पाडण्याआधी घरमालक दहा वेळा विचार करतो, कारण वरची तुळई नेमकी कशावर टेकली आहे हे बाहेरून दिसत नाही. गेमचंही तेच. एक निरुपयोगी वाटणारी फाइल काढली आणि भलत्याच टप्प्यावर गेम बंद पडू लागला, असं होऊ शकतं. त्यात गेमची तारीख ठरलेली असते. ‘असू दे, दिसत तर नाहीये’ हा निर्णय त्या क्षणी शहाणपणाचाच असतो.

१९९६ मधल्या पहिल्या पोकेमॉन गेमची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे, जरी तो गेम मोबाइलचा नसला तरी. काम संपत आल्यावर चाचणीसाठी ठेवलेला कोड काढला गेला आणि काडतुसात, म्हणजे गेम साठवलेल्या डबीत, सुमारे ३०० बाइट रिकामे झाले. प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतोने त्या जागेत ‘म्यू’ हा एक जास्तीचा पोकेमॉन बसवला. खेळणाऱ्यांना तो मिळावा अशी योजना नव्हती. पण गेममधल्या एका दोषामुळे काहींच्या पडद्यावर तो उगवलाच, आणि पुढे कंपनीला त्याची अधिकृत वाटप मोहीम करावी लागली. इतक्या अरुंद जागेतही कुणीतरी काहीतरी ठेवून जातो, मग एकेक जीबीच्या मोबाइल गेममध्ये काय काय राहत असेल.

आता शोधण्याबद्दल. झिप उघडून चित्रं पाहणं ही सगळ्यांत सोपी पायरी. युनिटीच्या बांधलेल्या गठ्ठ्यांतून चित्रं, आवाज आणि त्रिमितीय आकृत्या बाहेर काढणारी मोफत साधनं आहेत. पण माझ्या मते सगळ्यांत बोलकी फाइल चित्रांची नसते, मजकुराची असते. गेम अनेक भाषांत आणायचा म्हणून सगळी वाक्यं एका तक्त्यात ठेवलेली असतात, आणि प्रत्येक वाक्याला एक ओळख-नाव असतं. एखादा टप्पा गेममधून पूर्ण काढला जातो, त्याची चित्रं पुसली जातात, पण दुकानदाराने म्हणायचं ‘या, काय हवं?’ हे वाक्य त्या तक्त्यात राहून जातं. त्याच्या ओळख-नावात त्या काढलेल्या गावाचं नाव असतं. कधीही अस्तित्वात न आलेल्या गावाचा तोच एकमेव पुरावा.

क्रमांकही असेच बोलतात. पात्रांचे क्रमांक १, २, ३ आणि मग एकदम ५ असतील, तर ४ कुठे गेला हे विचारायला हवं. फाइलच्या नावात ‘टेस्ट’, ‘ओल्ड’, ‘डमी’ असे शब्द दिसले तर थांबून पाहायला हवं. युनिटीचे बरेच गेम ज्या पद्धतीने बांधले जातात, तिच्यात मूळ प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर होऊन जातं आणि तो वाचणं कठीण होतं. पण सोबत ‘ग्लोबल-मेटाडेटा’ नावाची एक फाइल राहते आणि तिच्यात प्रोग्रॅममधल्या भागांची नावं असतात. बनवणाऱ्यांनी ती मुद्दाम लपवली नसतील तर लग्न, व्यापार, दोन खेळाडूंची झुंज अशा न आलेल्या सोयींची चाहूल तिथल्या नावांतून लागते.

मात्र एखादी गोष्ट ‘वापरलीच नाही’ असं म्हणणं वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याला दिसली नाही याचा अर्थ ती कुणालाच दिसली नाही असा होत नाही. ती फक्त एका सणाच्या आठवड्यात दाखवली गेली असेल. फक्त एका देशात आली असेल. पहिल्या आवृत्तीत वापरात असेल आणि तिसऱ्या आवृत्तीत निवृत्त झाली असेल. फ्लॅपी बर्डच्या लालसर नळ्यांबद्दल ठाम बोलायचं तर त्या गेमची प्रत्येक आवृत्ती मिळवून, नळी कुठला रंग घेते हे ठरवणारा कोडचा भाग वाचायला हवा. चित्र सापडणं ही फक्त सुरुवात. त्याला कुठून बोलावलं जातं याचा माग काढत जायचं, आणि तो माग कुठेच पोहोचला नाही की मगच ‘न वापरलेलं’ हा शिक्का मारायचा. हे संयमाचं काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांच्यापैकी बहुतेकजण विनामोबदला, रात्री जागून हे करतात.

चालू असलेल्या गेममध्ये या शोधाचा सूर वेगळा असतो. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला आणि काही दिवसांतच लोकांनी त्याच्या फायली उघडल्या. ‘म्यूटू’सारखे दुर्मीळ पोकेमॉन आत होते, बाहेर कुणालाच मिळत नव्हते. ‘डिट्टो’ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला, ‘आर्टिक्युनो’ २०१७ च्या जुलैमध्ये. तिथे लपलेला ऐवज म्हणजे पुढे काय येणार याची खबर होती. बातमी फुटली की चर्चा व्हायची, कंपनी वैतागायची, खेळणारे वाट पाहायचे.

गेम बंद झाला की त्याच फाइलचा अर्थ बदलतो. ‘लवकरच’ चं ‘कधीच नाही’ होतं. फाइल तीच, बाइट तेवढेच, पण कालपर्यंत जी अफवा होती ती आज पुरावा होते. अमुक एक गेम कुठल्या दिशेने निघाला होता, पैसे किंवा वेळ संपला नसता तर तो काय झाला असता, हे सांगणारा दुसरा कागद सहसा उरलेला नसतो. कंपनीतले लोक पांगतात. त्यांनी केलेले गुप्ततेचे करार मात्र कायम असतात.

आणि इथे मोबाइल गेमची खरी अडचण समोर येते. सीडीवरचा किंवा काडतुसातला जुना गेम पूर्णपणे आपल्या हातात असायचा. आजच्या बऱ्याच मोबाइल गेमचा फोनमधला भाग निम्माच असतो. कुठल्या दिवशी कुठला कार्यक्रम चालू, शत्रूची ताकद किती, बक्षीस काय मिळणार, कोण कुणाचा मित्र, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर ठरतं. सर्व्हर बंद झाला की फोनमधला गेम ‘जोडणी होऊ शकली नाही’ एवढंच सांगतो. निन्टेन्डोचा ‘मीटोमो’ मार्च २०१६ मध्ये आला आणि ९ मे २०१८ रोजी बंद झाला. लोक त्यात एकमेकांना प्रश्न विचारायचे, मित्रांची उत्तरं वाचायचे. कपड्यांची आणि खोल्यांची चित्रं फायलींतून काढता येतात. ती संभाषणं कुठून काढणार?

याचा परिणाम विचित्र होतो. लाखो लोकांनी रोज जे अनुभवलं ते नाहीसं होतं, आणि कुणीच न पाहिलेलं एखादं चित्र फोनच्या आठवणीत शाबूत राहतं. पुढे या गेमचा अभ्यास करणाऱ्याला न घडलेल्या गोष्टी घडलेल्या गोष्टींपेक्षा जास्त सापडतील. म्हणून मला वाटतं, न वापरलेला ऐवज शोधणाऱ्यांनी वापरलेल्याचीही तितकीच काळजी घ्यावी. गेम चालू असतानाचे व्हिडिओ, सूचनांचे पडदे, कार्यक्रमांच्या तारखा, फोन आणि सर्व्हर यांच्यात काय देवाणघेवाण होते याची नोंद, हे सगळं सर्व्हर जिवंत आहे तोवरच गोळा करता येतं.

अशी नोंद असली की काय होऊ शकतं याचं उदाहरण ‘ड्रॅगलिया लॉस्ट’. सायगेम्स आणि निन्टेन्डो यांचा हा गेम सप्टेंबर २०१८ मध्ये आला. मुख्य कथा पूर्ण करून मग तो थांबवू, असं मार्च २०२२ मध्ये जाहीर झालं आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी तो थांबला. चाहत्यांनी त्यानंतर स्वतः त्याचा सर्व्हर नव्याने लिहिला. मूळ सर्व्हरचा कोड त्यांच्याकडे नव्हता. फोनमधला गेम काय मागतो आणि त्याला कुठल्या स्वरूपात उत्तर हवं असतं, हे पाहून त्यांनी ती उत्तरं देणारा प्रोग्रॅम बनवला. न वापरलेलं एखादं चित्र हुडकण्यापेक्षा हे काम कितीतरी मोठं आहे, पण कौशल्य एकाच जातीचं लागतं.

बनवणाऱ्यांच्या बाजूने सगळ्यांत चांगलं वागणं मला दिसलं ते ‘माइनक्राफ्ट अर्थ’ च्या बाबतीत. खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या बागांत फिरून खेळायचा हा गेम २०१९ च्या अखेरीस येऊ लागला आणि लगेच महासाथ आली. ५ जानेवारी २०२१ रोजी तो बनवणाऱ्या मोजांग कंपनीने तो बंद करण्याची घोषणा केली, त्याच दिवशी शेवटची आवृत्तीही दिली. त्या आवृत्तीत पैशांची खरेदी काढून टाकली होती, गेममधल्या रत्नांच्या किमती खूप उतरवल्या होत्या, वस्तू बनवायला लागणारा वेळ शून्य केला होता. आणि तयार होऊन पडलेला पण कधीच प्रसिद्ध न झालेला सगळा ऐवज त्यांनी त्यात घालून दिला. ३० जून २०२१ पर्यंत लोकांना तो खेळता आला. एरवी जो माल फायलींत लपून राहिला असता आणि कुणीतरी वर्षांनी उकरून काढला असता, तो बनवणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने समोर ठेवला. चित्रकाराचं काम लोकांपर्यंत पोहोचलं. दर बंद पडणाऱ्या गेमने हे करावं, त्यात अशक्य असं काही नाही. निन्टेन्डोने ‘ॲनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प’ ची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवली आणि लगोलग डिसेंबरमध्ये एकदाच पैसे भरून खेळायची आवृत्ती आणली. तोही एक मार्ग.

उरलेला ऐवज बनवणाऱ्यांच्या अंगाशीही येऊ शकतो, आणि कंपन्या या विषयावर गप्प का राहतात ते त्यातून कळतं. ‘जीटीए सॅन अँड्रियास’ मध्ये एक अश्लील छोटा खेळ बंद करून ठेवला होता, काढला नव्हता. जून २००५ मध्ये एका मॉडने, म्हणजे बाहेरच्या कुणीतरी गेममध्ये केलेल्या बदलाने, तो उघडा पाडला. जुलैमध्ये अमेरिकेतल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने गेमला ‘फक्त प्रौढांसाठी’ हा शिक्का दिला आणि मोठ्या दुकानांनी तो शेल्फवरून उतरवला. पडद्यावर न येणारा पण डिस्कवर असलेला आशयही आम्हाला कळवा, असा नियम त्यानंतर आला. २०२१ मध्ये त्याच मालिकेचा नवा संच निघाला, तेव्हा अनवधानाने राहिलेल्या फायली काढण्यासाठी रॉकस्टार या तिच्या कंपनीला संगणकावरची आवृत्ती काही दिवस विक्रीतून मागे घ्यावी लागली.

आपण स्वतः हे करून पाहायचं तर कायद्याचं भान हवं. गेम बंद झाला म्हणून त्यावरचा हक्क संपत नाही, चित्रं आणि संगीत मालकाचंच राहतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीरपणे मिळवलेला प्रोग्रॅम वापरताना त्याचं निरीक्षण आणि अभ्यास करायला, आणि स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करायला वाव देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ सांगतं की हक्क डावलण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. आपल्या जुन्या फोनमधल्या गेमची फाइल उघडून पाहणं आणि तिच्यातलं संगीत काढून विकायला ठेवणं यांतलं अंतर एवढ्यावरून समजावं.

दुसरी काळजी सुरक्षिततेची. बंद झालेला गेम ‘इथे मिळेल’ म्हणणाऱ्या अनोळखी ठिकाणांहून एपीके उचलून फोनमध्ये बसवू नका. फ्लॅपी बर्ड गेल्यावर काही दिवसांतच त्याच्या नकली, महागडे एसएमएस पाठवणाऱ्या प्रती फिरू लागल्या होत्या. फाइल फक्त पाहायची असेल तर ती बसवावी लागतच नाही, संगणकावर झिप म्हणून उघडणं पुरेसं आहे.

घरात जुने अँड्रॉइड फोन पडून असतील तर ते मोडीत देण्याआधी एकदा तपासा. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नव्या गेमसाठी एएबी हे नवं स्वरूप सक्तीचं झालं. त्यात प्रत्येक फोनला त्याच्या भाषेपुरते, पडद्यापुरते आणि प्रोसेसरपुरतेच तुकडे मिळतात, त्यामुळे एका फोनमधून पूर्ण गेम हाती येईलच असं नाही. त्याआधीच्या एपीके सहसा अखंड असायच्या, म्हणून जुना फोन जास्त मोलाचा. तो चार्ज करा, पण अपडेट करू नका आणि फॅक्टरी रीसेट तर मुळीच नको. इंटरनेट बंद ठेवा, म्हणजे गेम आपोआप काही पुसणार नाही. आधी ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधलं ‘ओबीबी’ केबलने संगणकावर उतरवून घ्या, मग एडीबी या मोफत साधनाने एपीके. सोबत एका साध्या मजकूर फाइलमध्ये गेमचं नाव, आवृत्तीचा क्रमांक, फोनचं मॉडेल आणि प्रत घेतल्याची तारीख लिहून ठेवा. आवृत्तीचा क्रमांक विसरू नका, कारण लालसर नळ्यांसारख्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याशिवाय देता येत नाहीत.